कौसाबाईचा हापसा आणि माझे दात

माय, तुझं तोंड मी मिटलं. बायका म्हणाल्या, लेकीनंच मिटावं, उशीर झाला की मग मिटत नाही. मी हनुवटीखाली हात लावून बसले. सिस्टरची नोकरी करता करता अशी किती तोंडं मिटली असतील, त्याची गणती नाही, पण तुझ्या तोंडाला हात लावायची ती माझी पहिलीच वेळ. तू कुणाला लावू दिला असतास तर ना. उलटं मात्र रोज व्हायचं. माझ्या तोंडात तुझं बोट सात-आठ वर्षं रोज सकाळी होतं. राखुंडीचं, कोळशाचं, मिठाचं आणि एक वर्ष तर विटेच्या पुडीचं. सगळे रडत होते आणि मला तुझ्या मिश्रीनं काळ्या पडलेल्या हिरड्या दिसल्या. खरं सांगते, त्या वेळी मला तुझा रागच आला. मिश्री सोड म्हणून भांडून भांडून माझी जीभ झिजली होती आणि तू शेवटपर्यंत सोडली नाहीस.

काल पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, भोजनदान झालं, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी गाडी हापशावर यायची. कौसाबाईनं वस्तीला पाणी आणलं, कौसाबाई साहेबाच्या दारात ठाण मांडून बसली, कौसाबाई नसती तर आपण अजून दुसऱ्याच्या विहिरीवर हात पसरत असतो. मी खाली मान घालून, नेहमीसारखा तोंडावर हात धरून ऐकत होते. धाकटा भाऊ प्रकाश म्हणाला, "ताई, तू बोल की दोन शब्द." मी मानेनंच नाही म्हटलं. बोलले असते तर एकच गोष्ट बोलले असते, आणि ती आधी तुला सांगायला पाहिजे होती. तुझा हापसा ज्या अर्जावरून बंद झाला, तो अर्ज मी लिहिला होता. ज्याच्या नावानं तू बोटं मोडलीस, ती मी. वीस-बावीस वर्षं हे पोटात ठेवून तुझ्या घरात येत राहिले, जेवत राहिले.

आता पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक असलेलंच आहे, पण एकदा माझ्या बाजूनं ऐक.

लेकरांचे दात म्हटलं की तुझ्या अंगात यायचं. घरात धड दुसरं लुगडं नव्हतं, पण सकाळी दात घासल्याशिवाय कुणाला भाकरीचा तुकडा मिळत नव्हता. अंगणातल्या दगडावर बसायचीस, माझं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरायचीस आणि म्हणायचीस, "आ कर." राख तू चाळून घ्यायचीस, खडा लागू नये म्हणून. आधी वरचे, मग खालचे, मग आतल्या बाजूनं, मग जीभ. मी उलटीला आले की सोडायचीस, पुन्हा धरायचीस. दुष्काळ होता. आंघोळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी व्हायची, पण दाताच्या दोन चुळा ठरलेल्या. चूळ कुठंही थुंकायची नाही, दारातल्या लिंबाच्या रोपट्याच्या बुडात थुंकायची. त्या वर्षी वस्तीत तेवढं एकच रोप जगलं. ते आपल्या थुंकीवर वाढलं, असं माझे वडील, दादा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे.

दुधाचे दात पडायला लागले तेव्हाचंही आठवतं. शेजारच्या चंद्रकलाकाकू लेकरांचा पडलेला दात शेणात गुंडाळून छपरावर फेकायच्या. उंदरानं तो घ्यावा आणि आपला बारीक, टोकदार दात लेकराला द्यावा म्हणून. तू म्हणालीस, "उंदराचा दात घिऊन काय करावं? कागद कुरतडावं? आपल्याला कागद वाचायचेत." आणि माझा दात मातीत पुरून टाकलास. काकू दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. तुझं म्हणणं एकच होतं, शाळेत जाणारं लेकरू नाकातोंडानं साफ पाहिजे, कुणी बोट दाखवायला नको. असं का, हे मला फार उशिरा कळलं. गावातले लोक आपल्या माणसांना काय म्हणत आले, ते तू जन्मापासून ऐकलं होतंस. घाण हा एक शब्द तुझ्या कानावर पडला की तुझा चेहरा बदलायचा. तू भांडी घासायचीस ती नुसती स्वच्छ व्हावीत म्हणून नाही, कुणाला तरी दाखवून द्यायचं म्हणून घासायचीस. लेकरांचे दातही त्यातच आले.

विहिरीचं मला अंधुक आठवतं, बाकीचं तुझ्याकडून ऐकलेलं. मी तुझ्या कडेवर असायची. गावच्या विहिरीवर आपल्या बायकांनी खाली उभं राहायचं. वर पाणी ओढणाऱ्या कुणाला फुरसत झाली की त्यानं वरून ओतायचं, अर्धं घागरीत, अर्धं अंगावर. कुणाच्या घागरीला घागर लागू द्यायची नाही. दुष्काळ पडला तसं वरच्यांचंच भागेना, मग तुम्ही नुसत्या उन्हात उभ्या. एक दिवस तू रिकामी घागर घेऊन घरी आलीस, ती पालथी घातलीस आणि म्हणालीस, "आता तितं जायचं न्हाई." दादा म्हणाले, "मग कुठं जायचं?"

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. त्याआधी जिल्ह्याचं काम म्हणजे उस्मानाबाद, गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत यायचा. कुणीतरी तुला सांगितलं, साहेबाचं हापिस आता लातूरला आलंय. तू चार बायका जमवल्यास आणि अहमदपूरच्या स्टँडवरून एसटी धरलीस. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला सगळं हापिस इतकं नवीन की कोणता कागद कोणत्या खोलीत द्यायचा हे शिपायालाच माहीत नाही. तिसऱ्या खेपेला मला घेऊन गेलीस. साहेबाच्या दारात बसून बसून मी पाण्यासाठी रडायला लागले. साहेबानं आतून ऐकलं, शिपायाला सांगून मला पाणी दिलं. तू म्हणालीस, "साहेब, आज लेकराला तुम्ही पाजलं. उद्या कोन पाजंल?" ही हकीकत तू हजार वेळा सांगितलीस आणि दर वेळी त्यात माझं रडणं थोडं वाढत गेलं.

बोअरची गाडी आली तो दिवस वस्तीत सणासारखा होता, असं काकू सांगतात. दिवसभर नुसता धुरळा उडत राहिला. लोक म्हणायला लागले, जिमिनीतही काही राहिलं नाही. दुपार कलल्यावर पाणी लागलं. पुढं आठ दिवसांनी हापसा बसला, तेव्हा दांड्याला पहिला हात तुझा. पहिली ओंजळ तू मला पाजलीस. कुणी वरून ओतलेलं नाही, कुणाच्या मागं उभं राहून मिळालेलं नाही, आपल्या दारात, आपल्या हातानं काढलेलं पाणी. तेव्हापासून त्याचं नाव कौसाबाईचा हापसा. पोस्टमनसुद्धा पत्ता तसाच सांगायचा.

मग माझे पक्के दात आले. समोरचे दोन आले तेच खडूसारखे पांढरट, त्यावर आडव्या रेघा. वर्षभरात त्या रेघा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी, वाळून गेलेल्या चहाच्या डागासारख्या. चंद्रकलाकाकूच्या पोरांचेही तसेच, सगळ्या वस्तीतल्या लेकरांचे कमी-जास्त तसेच. गावातल्या पोरांचे मात्र दुधासारखे. शाळेत गुरुजींनी मला उभं करून विचारलं, "दात घासत नाहीस का?" मी म्हणाले, रोज घासते. पोरं हसली. मागून कुणीतरी म्हणालं, हे लोक घासतच नाहीत. मी घरी येऊन तुला जसंच्या तसं सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

दुसऱ्या दिवसापासून राखेच्या जोडीला कोळसा आला. कोळशानं जाईना म्हणून मीठ, मिठानं जाईना म्हणून लिंबू. शेवटी तू वीट फोडलीस, पाट्यावर वाटलीस आणि फडक्यातून गाळून तिची पूड केलीस. भांड्यांचे डाग विटेनं निघतात, मग दाताचे का निघणार नाहीत, असा तुझा हिशेब. माय, ते दिवस आठवले की माझ्या हिरड्या अजून ठणकतात. तू दात-ओठ खाऊन घासायचीस. रक्त आलं की म्हणायचीस, "घाण निघून राहिली, थोडं सोस." मी हंबरडा फोडायची. काकू कुंपणावरून ओरडायच्या, "कौसे, लेकरू मारतीस का?" तू ऐकायची नाहीस. तुला वाटायचं, आपलंच कुठं तरी कमी पडून राहिलं.

एक दिवस मी तुझं बोट चावले. चुकून नाही, ठरवून, कडकडून. रक्त निघालं. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर तू बोट तोंडात घालून माझ्याकडं बघत होतीस. म्हणालीस, "दात घट हायेत. बरं हाय." आणि उठून घरात गेलीस. त्या दिवसानंतर वीट बंद झाली. मी तुला चावले म्हणून कधी माफी मागितली नाही, आणि तू वीट घासलीस म्हणून कधी काही बोलली नाहीस. आपल्या दोघींचं असंच, फिट्टंफाट झाली असं समजून पुढं चालायचं.

मी मात्र हसताना तोंडावर हात धरायला शिकले. वर्गातल्या फोटोत माझं तोंड मिटलेलं आहे, लग्नातल्या फोटोतही. मुरुडकडचे एक पाहुणे मला बघायला आले होते, त्यातली एक बाई म्हणाली, "पोरीला जरा हसायला सांगा की." मी हसले नाही. ती दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तू चहाची कपबशी तिच्यापुढून उचललीस. "दात बघायला काय बैल घेऊन राहिलाव का?" पाहुणे उठून गेले. दादा डोक्याला हात लावून बसले आणि मी आत जाऊन पोट धरून हसले, तेही तोंडावर हात धरूनच. त्या दिवशी तू मला जगात सगळ्यात जास्त आवडली होतीस. आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी तुला म्हणाले, "तू एवढं घासलंस म्हणूनच माझे दात असे झाले." लोण्यात सुरी जावी तसं ते तुझ्यात गेलं असेल, आणि मला ते कळत होतं, तरी मी बोलले.

हे सगळं नांदेडला नर्सिंगला गेल्यावर उलटंपालटं झालं. आम्हाला शिकवायला एक दाताच्या मॅडम यायच्या. एक दिवस त्यांनी वर्गात मला सहज विचारलं, "तुझं गाव कुठलं? लहानपणी हापशाचं पाणी प्यायचीस का?" मी हो म्हणाले. त्यांनी मला खिडकीपाशी नेलं, उजेडात तोंड उघडायला लावलं आणि सगळ्या पोरींना सांगितलं, हे डाग घाणीचे नाहीत, हिनं कितीही घासले असते तरी गेले नसते. खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असलं आणि लेकरू लहानपणी तेच पाणी पीत वाढलं की पक्का दात हिरडीच्या आतच असा तयार होतो. मी तोंड उघडं ठेवून उभी होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मैत्रिणींना वाटलं, सगळ्यांसमोर दात दाखवले म्हणून मी रडते. मी रडत होते कारण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की तू घाण नव्हतीस. आणि त्याच्याच पाठोपाठ तुझा हापसा डोळ्यांपुढं आला.

त्या शनिवारी मी लोह्यावरून एसटीनं गावी आले, ते तुला सांगायचं ठरवूनच. वस्तीत शिरले तर तू हापशावर होतीस. कुणाच्या तरी घरी नवी सून आली होती, तिला तू हापशाची हकीकत सांगत होतीस. नवा जिल्हा, साहेब, माझं रडणं, सगळं. सांगता सांगता तुझा हात दांड्यावर असा होता की जणू ते तुझंच एखादं जनावर आहे. माझी दातखीळ बसली. तू आयुष्यात एकच गोष्ट भांडून मिळवली होतीस. ज्या विहिरीवर तू मान खाली घालून उभी राहिलीस, तिचं पाणी चांगलं होतं, आणि जे तू मान वर करून आणलंस त्यानं लेकरांचे दात गेले, हे मी तुला कोणत्या तोंडानं सांगणार होते? दोन दिवस राहिले आणि तशीच परत गेले.

पण वस्तीत लेकरं होती ना. प्रकाश मोठा झाला होता, पण काकूच्या घरात नातवंडं आली होती, पाळण्यातली, नुकती बाळसं धरलेली. मी शिकून राहिले होते सिस्टर व्हायला आणि गप्प बसून राहिले होते. होस्टेलवर बसून एक अर्ज लिहिला. अमुक वस्तीतल्या हापशाचं पाणी तपासावं, लेकरांचे दात बघावेत. खाली नाव घातलं नाही. पोस्टात टाकला आणि चार महिने काही झालं नाही, तेव्हा मला बरंच वाटलं, हेही कबूल करते.

मग माणसं आली, बाटलीत पाणी घेऊन गेली आणि काही दिवसांनी येऊन हापशाला लाल रंग लावला. पिऊ नये, धुण्याभांड्याला चालेल. प्रकाशनं फोनवर सांगितलं, माय चौकात उभी राहून शिव्या देऊन राहिली. मी पुढच्या सुटीत आले तेव्हाही तुझं चालूच होतं. "आपल्या वस्तीत आपल्या हक्काचं काही असलेलं कुनाला बघवत न्हाई. ज्यानं कागद केला त्याच्या तोंडात माती पडंल." मी चुलीपुढं भाकरी थापत होते. हातातलं पीठ सुकलं तरी मला पुढची भाकरी थापता येईना. तू आतून मिश्रीचा लाल डबा मागितलास, मी दिला, बस्स. एवढंच माझं धैर्य.

गावची विहीर तोवर आटून गेली होती. प्यायचं पाणी एका शेतातल्या विहिरीवरून आणायचं, मैलभर लांब. नळाचं पाणी वस्तीत यायला पुढं आठ-नऊ वर्षं गेली. आणि ती सगळी वर्षं तू हापशाचंच पाणी पीत राहिलीस. मी नोकरीला लागल्यावर किती वेळा म्हणाले, माय, लाल रंग उगीच लावत नाहीत. तू म्हणायचीस, "मला काय आता नवे दात यायचेत?" मला वाटायचं, हा तुझा हट्ट. सगळ्या जगाशी भांडून झालं, आता पाण्याशी भांडणं चाललंय. तुझी पाठ धरली, गुडघे धरले, मान वळेना. पाण्यानंच धरली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, वय होतं, कामं होती. पण मी सिस्टर आहे, मला शंका यायची आणि रात्रंदिवस ती शंका मला कुरतडायची. निनावी कागद पाठवण्यापेक्षा समोर बसून सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस. आजवर मी हेच धरून बसले होते.

अलीकडं आपलं भांडण प्रकाशच्या पोरीवरून चालायचं, आठवतं ना. तू तिला निजताना गुळाचा खडा द्यायचीस आणि मी तणतणायची. मी सांगायची, निजायच्या आधी गोड नको, वाटाण्याएवढी पेस्ट घ्या, मोठ्या माणसानं स्वतः घासून द्या, लेकरावर सोडू नका. तू म्हणायचीस, "दुधाचे हायेत, पडनारच." मी म्हणायची, दुधाचे दात पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात, ते किडले तर पक्के वाकडेतिकडे येतात. तू म्हणायचीस, "आम्ही काय पेस्टीवर वाढलो?" पण एक गोष्ट मी बघितली होती. तू त्या पोरीला कधी जोरानं घासलं नाहीस. बोटाला मऊ फडकं गुंडाळायचीस आणि नुसतं फिरवायचीस, जखम पुसावी तसं. माझ्या वेळी हे फडकं कुठं होतं, असं मी एकदा चेष्टेत विचारलं. तू उठून गेलीस. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

आज सकाळी मी निघायच्या तयारीत होते. चंद्रकलाकाकू आल्या, माझा हात धरून ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "कौसानं शपथ घातलती, पन आता तीच न्हाई, मग माझ्या पोटात कशाला ठिवू." आणि सांगितलं.

हापशाला लाल रंग लावायला माणूस आला, त्या दिवशी तू त्याला विचारलंस, पाण्यात काय हाय बाबा? त्यानं सरळ सांगितलं, मावशी, ह्या वस्तीतल्या लेकरांचे दात ह्यानंच गेलेत. तू विचारलंस, वीट घासली तर निघंल का? तो म्हणाला, ते आतूनच तसं येतं, घासून हिरड्याच फुटायच्या. तू तिथंच हापशापाशी मातीत बसलीस. काकू म्हणाल्या, "लई वेळ बसली. मग म्हनली, चंद्रकला, मीच पाजलं आन् मीच रगत काढलं. माझ्या लेकीला ह्यातलं काही कळू देऊ नको. ती शिकून राहिली तितं. तिला कळलं तर ती माझ्या दारात पाय ठिवायची न्हाई." दुसऱ्या दिवसापासून तू चौकात उभी राहून शिव्या द्यायला लागलीस, तुला हे काही पटलंच नाही असं सगळ्यांना वाटावं म्हणून. माझ्या कानापर्यंत तेवढंच यावं म्हणून.

मी काकूंना विचारलं, "मग ती तेच पाणी का प्यायची?" काकू म्हणाल्या, "घरात प्यायला दोन घागरी यायच्या बाई, त्या बी तिच्याच डोक्यावरून. प्रकाश होता, तुझा बाप आजारी होता, माझे नातू होते. सगळ्याला पुरंल का ते? ती ते झाकून ठिवायची आन् आपन हापशाचं प्यायची." मग म्हणाल्या, "तू येनार असलीस की त्या दिवशी तिसरी खेप करायची. गुडघे धरलते तरी. म्हनायची, पोरीला चांगलं पानी पाहिजे."

माय, मी घरी यायची तेव्हा पिशवीत पाण्याची बाटली असायची माझ्या. नांदेडहून, लोह्याहून भरून आणलेली. घसा खराब आहे, उकळलेलंच पिते, असं मी सांगायची. दारात पाय ठेवला की तू तांब्या भरून पुढं करायचीस, "पी की, उन्हाची आलीस," म्हणायचीस. मी म्हणायची, "राहू दे गं, आहे माझ्याजवळ." तू तांब्या तसाच धरून थोडा वेळ उभी राहायचीस आणि मग आत नेऊन ठेवायचीस. हे पाणी हापशाचं नाही, एवढं म्हणाली असतीस तर मी प्याले असते. पण तसं म्हटलं असतंस तर तुला सगळं कळलंय, हे मला कळलं असतं. म्हणून तू म्हणाली नाहीस. आणि मीही बाटली का आणते, ते म्हणाले नाही.

तुला सांगायचं होतं ते आता सांगते, ऐकायला तू नसलीस तरी. अर्ज मी लिहिला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. दात माझे पाण्यानं गेले, तुझ्यानं नाही. तू काढलेलं रक्त मी कधीच विसरले होते. विहिरीवर वरून ओतलेल्या पाण्यानं माझे दात दुधासारखे झाले असते, तर तसे दात मला नको होते. हे कळायला मला नर्सिंग शिकावं लागलं नाही, ते तुझ्या कडेवरच कळलं होतं.

पण मैलभर लांबून, धरलेल्या गुडघ्यांनी, तू माझ्यासाठी डोक्यावरून आणलेलं ते पाणी, ते मी एकदाही प्याले नाही, माय.